जयपूरला गेले, गोपालपुऱ्यात राहिले

जयपूरहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंस?"

आमेरचा किल्ला? फोटोत. सिटी पॅलेस? नाही. जंतरमंतर? नाही. नाहरगड? लांबून, तोही एकदाच. मग समोरचा माणूस चिंतेनं विचारतो, "अगं, मग पाच दिवस केलंस काय?" मी म्हणते, रसायनशास्त्र.

प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. जयपूरला जाणाऱ्या तरुण मंडळींना उपयोग होईल. काय पाहावं ते दुसऱ्या कुणालाही विचारा. कुठं राहू नये, ते माझ्याइतकं ठामपणे कुणी सांगणार नाही.

मुळात मी फिरायला गेलेच नव्हते. मी परीक्षेला गेले होते. मला देहरादूनच्या एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिली. पेढे वाटून झाले आणि त्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, "राहणार कुठं?" माझे बाबा कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. कुठली गाडी कुठं लागलीय हे लोकांना सांगण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळे या जगात कुणी स्वतःच्या अकलेनं बरोबर गाडीत बसू शकेल यावर त्यांचा विश्वास नाही. माझ्यावर तर अजिबातच नाही.

पंधरा दिवस घरात तेच. शेवटी आई वैतागली. म्हणाली, "तिला पाच दिवस एकटीला कुठल्यातरी परक्या गावी राहून येऊ द्या. जमलं तर देहरादून, नाही तर विषय संपला." बाबांनी लगेच अटी घातल्या. राहायची जागा मी एकटीनं निवडायची. एकदा निवडली की बदलायची नाही, "नोकरीच्या गावी काय रोज खोल्या बदलत फिरणार आहेस?" आणि मदत मागायला घरी फोन करायचा नाही, केला की देहरादून रद्द. मी कसली गप्प बसते? एक अट मी माझ्या पदरची घातली: ओळखीच्या घरी जाणार नाही. आईच्या मैत्रिणीची बहीण जयपूरला असते, नवरा रेल्वेत, तिचे "आमच्याकडेच उतरायचं हं" असे तीन निरोप आले होते. मी ठसक्यात सांगितलं, तिच्याकडे चहालासुद्धा जाणार नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मग मी इंटरनेटवर जयपूरचा एकेक भाग तपासायला घेतला. सी-स्कीम पाहिली. बँका, ऑफिसं, मोठमोठ्या गाड्या. तिथं राहून काय करू, रोज उठून पासबुक भरून आणू? जुन्या शहरात, तटबंदीच्या आत, राहायला सगळ्यांना आवडतं म्हणे. पण एका बाईनं लिहिलं होतं की गच्चीवर माकडानं तिचा चष्मा पळवला. माझ्या चष्म्याचा नंबर पाच आहे. चष्मा गेला तर हवामहल आणि पोस्ट ऑफिस मला सारखंच. आदर्श नगर शांत, जुनी घरं, व्हरांड्यात झोपाळे; पण तिथं राहून आलेल्या सगळ्यांनी "जिने कमी आहेत, गुडघ्यांना बरं पडलं" असंच लिहिलेलं. मी तेवीस वर्षांची आहे हो.

तेवढ्यात मला बाबांचाच एक नियम आठवला. परक्या स्टँडवर कुठल्या गाडीत बसावं कळेना, तर जिच्यात बायका-मुली चढतायत तिच्यात चढावं. झालं! जयपुरात सगळ्यांत जास्त मुली कुठं राहतात ते शोधलं. गोपालपुरा बायपास. इमारतीमागून इमारती, प्रत्येकीवर "फक्त मुलींसाठी". शुद्ध शाकाहारी मेस, गरम पाणी, कॅमेरे. एका ठिकाणी फोन लावला. पाच दिवसांसाठी खोली मिळेल का? पलीकडून बाई मायेनं म्हणाल्या, "मिल जाएगी बेटा, डेमो वाली बच्चियाँ रुकती हैं।" डेमो म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. मला वाटलं, राहून बघायची सोय असेल. काय पुढारलेलं शहर आहे, असंही वाटलं.

सोमवार

जानेवारीतल्या जयपूरची थंडी ही आपल्याकडची थंडी नव्हे. आपली थंडी सकाळी येते आणि आठ वाजता उठून जाते. तिथली मुक्कामाला असते. दात वाजवत स्टेशनबाहेर आले तर रिक्षावाल्यानं माझी पाठपिशवी बघून विचारलं, "कौन सी कोचिंग?"

"कोचिंग नहीं भैया, घूमने आई हूँ। गोपालपुरा छोड़ दीजिए।"

त्यानं आरशातून माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. म्हणाला, "हाँ हाँ। शुरू में मन नहीं लगता। फिर लग जाता है।"

बायपासला वळल्यावर मला किंचित शंका आली. आपल्याकडे फ्लेक्सवर वाढदिवसाचे दादा आणि भाऊ असतात. इथं चष्मेवाली पोरं होती, प्रत्येकाच्या हनुवटीखाली त्याचा नंबर. खाली रस्त्यावर झेरॉक्स, वह्या, ज्यूस, पुन्हा झेरॉक्स. आणि मुली, शेकड्यांनी, स्वेटर घालून, छातीशी पुस्तकं धरून, खाली मान घालून चाललेल्या. बाबांचा नियम मी तंतोतंत पाळला होता यात वादच नाही.

वॉर्डनबाईंना सगळ्या आंटीजी म्हणत. पन्नाशीच्या, अंगावर शाल, पुढ्यात भलंमोठं रजिस्टर. बोलायला लाघवी, पण पेन हातात घेतलं की न्यायाधीश. नाव, वय, पालकाचं नाव, पालकाचा फोन. मी सवयीनं बाबांचा नंबर लिहून दिला आणि खोलीत गेले.

खोलीत सुमन होती. दौसाजवळच्या एका खेड्यातली, अठरा वर्षांची, कानाला मफलर, भिंतीवर आवर्तसारणी. मी पिशवी ठेवायच्या आत तिनं विचारलं, "दीदी, आप कौन से अटेंप्ट में हो?"

"कसला अटेंप्ट?"

"डॉक्टरी वाला। मेरा दूसरा है।"

मग एकदाचं सगळं उलगडलं. ही कोचिंगच्या मुलींची हॉस्टेलं. डेमो म्हणजे क्लास आवडतो का ते बघायला पाच दिवस येऊन राहणाऱ्या मुली. मी सुमनला माझं वय सांगितलं, म्हटलं, मी शिकायला आले नाही, माझं शिक्षण संपलंय. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि तिच्या डोळ्यांत जो आदर दाटून आला, तो पुढं पाच दिवस काही केल्या कमी झाला नाही. जेवायच्या वेळेपर्यंत मेसमध्ये बातमी पसरली होती: महाराष्ट्रातून एक दीदी आल्यात, त्यांचा सहावा अटेंप्ट आहे. दोघीतिघी येऊन नुसत्या बघून गेल्या. एकीनं विचारलं, "दीदी, हिम्मत कहाँ से लाते हो?"

कपाळ माझं! पण कढी झकास होती. आपल्यासारखी गोडसर नाही. आंबट, दाट, आत बेसनाचे गट्टे. तीन वाट्या प्यायले. सहाव्या अटेंप्टचं दुःख असं गिळत असेल, अशा नजरेनं समोरची मुलगी बघत होती.

मंगळवार

साडेपाचला घंटा. सहाला दलिया. सात वाजता मी आवरून, गळ्यात दुर्बीण अडकवून, आमेरला जायला फाटकाशी आले. फाटकाला कुलूप.

"घर से हाँ नहीं है बेटा," आंटीजी म्हणाल्या.

मी सगळं खरं सांगितलं. नोकरी लागलीय, फिरायला आलेय. त्या ऐकत होत्या, माना डोलवत होत्या. "डेमो वाली सब यही कहती हैं। पिछले साल एक ने कहा, मैं टीचर हूँ।" मी आधार कार्ड दाखवलं. "तेईस की तो ऊपर वाले फ्लोर पर भी है।" परतीचं तिकीट दाखवलं. "वो तो सबके पास होता है, पहले हफ्ते में।" मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पापा हाँ बोल दें, मैं अभी ताला खोलती हूँ। लगाओ फोन।"

बघा आता माझी अवस्था. फोन लावला तर मदत मागितली, म्हणजे देहरादून गेलं. पिशवी उचलून दुसरीकडे गेले तर जागा बदलली, तरीही देहरादून गेलं. आणि काहीच केलं नाही तर जयपूरला येऊन पाच दिवस झेरॉक्सची दुकानं बघायची. मी तणतणत खोलीत गेले आणि बाबांच्या त्या नियमाला मनसोक्त शिव्या घातल्या.

फाटकाबाहेर पडायचा एकच मार्ग होता: क्लास. साडेसातला मुलींची रांग समोरच्या इमारतीत जाई आणि दीडला परत येई. निदान रस्ता तरी ओलांडायला मिळेल म्हणून मीही रांगेत शिरले. क्लासात दीडशे मुलं, आणि सर माईकवर बोलतात. वाटलं, मागं बसून डुलकी काढावी. तेवढ्यात सरांनी बफर द्रावणावर एक गणित घातलं. आता मी माती तपासणारी बाई. बफरशिवाय माझं पानही हलत नाही. तोंडातून उत्तर निसटलंच. सरांनी विचारलं, कुणी दिलं? सुमननं अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "देखो, अनुभव इसको कहते हैं।" दीडशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतका अपमान आणि इतका सन्मान एकाच वेळी माझा कधी झाला नव्हता.

संध्याकाळी दाराशी मुलींची रांग लागली, वह्या घेऊन. मी शिकवत बसले. खिडकीतून पतंग दिसत होते. संक्रांत तोंडावर आलेली, आणि तिथं संक्रांत म्हणजे पतंग. तिळगुळाचं आपल्यासारखं नाही. ते तीळपापडी खातात आणि फिणी नावाचा शेवयांचा गुंता दुधात बुडवून खातात. भांडू नका, गोड बोला असला आग्रह कुणी करत नाही. उलट पतंग काटला की सगळी गल्ली ओरडते. सुमन वहीतून मान वर न करता म्हणाली, "दीदी, आप जब निकलोगे, हवा महल का फोटो भेजना। मैंने देखा नहीं।"

"किती दिवस झाले तुला इथं येऊन?"

"चौदह महीने।"

बुधवार

बुधवारी मात्र फाटक उघडलं. दर बुधवारी सगळ्या मुलींना व्हॅनमध्ये कोंबून मोती डूंगरीच्या गणपतीला नेतात. आपल्याकडे गणपतीचा वार मंगळवार. जयपूरचा गणपती बुधवारी भेटतो. मी सुमनला म्हटलं, आमच्याकडे मंगळवारी असतो. ती गंभीरपणे म्हणाली, "तो आपके यहाँ से निकल के बुध को यहाँ पहुँचते होंगे।"

देवळाबाहेर नव्या कोऱ्या गाड्यांची ही रांग, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आत परीक्षेची मुलं. माझ्या पुढच्या मुलीनं पेन देवापुढं धरलं, तिच्या पुढच्या मुलीनं चक्क कॅल्क्युलेटर. मी हात जोडून म्हटलं, गणपतीबाप्पा, तुला मराठी कळतं म्हणून सांगते, मला या बायांच्या तावडीतून सोडव. बाप्पाच्या मागं टेकडीवर किल्ला होता, इवलासा. तेवढं माझं त्या दिवशीचं पर्यटन.

परत येताना व्हॅन सिग्नलला थांबली आणि बाहेर एका टपरीवर पोह्यांची वाफ दिसली. जयपूरकर पोहे खातात, आणि भरपूर खातात. वर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे. पोह्यांवर डाळिंब! खिडकीतून हात बाहेर काढून प्लेट घ्यावी असा विचार केला, तर आंटीजींनी पुढच्या सीटवरून, मागं न बघता, "बेटा, हाथ अंदर" म्हटलं.

गुरुवार

गुरुवारी माझा बांध फुटला. क्लासहून आले तर आंटीजी जेवायला गेलेल्या आणि रजिस्टर टेबलावर उघडं. वाचू नये, पण वाचलं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: सोमवार शाम, पिताजी से बात हुई. बाहर जाने की अनुमति: ना.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. म्हणजे यांनी सोमवारीच बाबांना फोन केला होता, आणि बाबांनी नाही म्हणून सांगितलं होतं! मी इथं जिवाचं रान करून परीक्षा देतेय, आणि परीक्षकानंच बाहेरून कडी घातलीय! अटी गेल्या खड्ड्यात. मी जिन्यात बसून फोन लावला.

"हॅलो," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, हळूच, "मदत हवीय का?"

"मदत नकोय! भांडायचंय!"

"बरं. भांड."

मी भांडले. चांगली पाच मिनिटं भांडले. लबाड म्हटलं, आपमतलबी म्हटलं, सरळ नाही म्हणायचं होतं तर हे नाटक कशाला केलंत म्हटलं. बाबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, "आशू, मी नाही म्हटलंच नाही."

"मग काय म्हणालात?"

"ती बाई म्हणाली, लडकी बाहर जाना चाहेगी, भेजूँ क्या. मी म्हटलं, मेरे को क्यूँ पूछते हो? तेवीस साल की है. उसको पूछो."

"आणि?"

"ती म्हणाली, आप हाँ बोल रहे हो कि ना? मी म्हटलं, मैं कुछ नहीं बोलता."

आंटीजींच्या रजिस्टरमध्ये रकाने दोनच, हाँ आणि ना. "मुलीलाच विचारा" असं सांगणारा बाप त्यांना आजवर भेटलाच नव्हता. त्यांनी आपल्या परीनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला आणि कुलूप घातलं. मी तशीच जिन्यात बसून राहिले. स्टँडवर अनोळखी माणसालासुद्धा "पिशवी पायाशी ठेवा, पाकीट आतल्या खिशात" सांगणारा हा माणूस. माझ्याबद्दल विचारल्यावर म्हणाला, मैं कुछ नहीं बोलता. मला रडू आलं, आणि मी अर्धा तास त्यांना लबाड म्हणत होते याची लाजही वाटली. बरं, अर्धा तास नाही, पाच मिनिटं.

"आता हो म्हणून सांगू का तिला?" बाबांनी विचारलं. "एक फोन करतो. लगेच सोडेल."

आमेर, सिटी पॅलेस, पोह्यांवरचं डाळिंब, सगळं त्या एका फोनपलीकडे होतं. हो म्हटलं असतं तर बाबांनी आनंदानं केलाही असता. आणि पुढं कायम त्यांनाच करावा लागला असता.

"नको," मी म्हटलं. "माझं मी बघते."

फोन ठेवून मी नाक पुसलं आणि समोरच्या भिंतीवरचे हॉस्टेलचे नियम वाचायला लागले. चार दिवस त्याच भिंतीपुढून जात होते, वाचले कधी नव्हते. नववा नियम होता: छात्रा गार्डियनबरोबर बाहेर जाऊ शकते, गार्डियन एकवीस वर्षांवरील महिला असावी, घरच्यांची अनुमती हवी. तो मी दोनदा वाचला. मग धावत खोलीत गेले आणि सुमनला विचारलं, "तुझ्या आईचा नंबर काय?"

सुमनच्या आईनं तीनच प्रश्न विचारले. मी कोण, कुठं नेणार, आणि मुलीनं जेवण केलं का. मग म्हणाली, "घुमा ल्या बाई, छोरी चौदा म्हीना सूं किताबां में ही पड़ी छै।" फोन मी आंटीजींच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं, "जी, जी" केलं, आणि ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, नियमाकडे पाहिलं, माझ्या आधार कार्डाकडे पाहिलं.

"पर तुम खुद छात्रा हो।"

"सुमन की तो गार्डियन हूँ ना, आंटीजी? गार्डियन को आप कैसे रोकेंगी?"

आंटीजींनी नववा नियम पुन्हा वाचला. मग पेन उघडलं. "गार्डियन को तो नहीं रोक सकती," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सुमनच्या नावापुढं माझं नाव लिहिलं. त्यापुढं लिहिलं: हाँ. एकाच पानावर मी वर कोंडलेली होते आणि खाली पालक झाले होते.

शुक्रवार

हॉस्टेलवर परतायची वेळ पाचची. आम्ही दहाला फाटकाबाहेर पडलो आणि कोपऱ्यापर्यंत अक्षरशः पळालो, कुलूप पुन्हा लागेल या भीतीनं. न्यू आतिश मार्केटला मेट्रोत बसलो, बडी चौपडला जमिनीतून वर आलो. कांद्याच्या कचोऱ्या खाल्ल्या, इतक्या गरम की दोघींच्या जिभा भाजल्या. पोहे खाल्ले, डाळिंबासकट. चांगले लागतात, आईला सांगू नका.

हवामहल समोरून बघितला तर केवढा, आणि आत शिरलं तर सगळा पातळ, नुसत्या खिडक्याच खिडक्या. वर जायला जिन्यांऐवजी उतार. सुमन एकेका खिडकीला डोळा लावत वरपर्यंत गेली. खालच्या रस्त्यावरचे लोक, गाड्या, कबुतरं बघत खूप वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी भावूक बोलणार. ती म्हणाली, "दीदी, ये तो अपना हॉस्टल ही है। बस जाली अच्छी है।" आम्ही इतक्या हसलो की पहारेकऱ्यानं येऊन कारण विचारलं.

मग त्रिपोलिया बाजारात आलो. तिथून आत एक गल्ली जाते, मनिहारांची, लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची. सुमन गल्लीच्या तोंडाशी थांबली. म्हणाली, "दीदी, मैं अकेली जाऊँ? दस मिनट। मैं कभी अकेली बाजार नहीं गई।"

"नाही!"

हे माझ्या तोंडून इतक्या झटकन निघालं की मीच दचकले. गर्दी किती आहे, तुला रस्ता माहीत नाही, कुणी काही बोललं तर? मी कारणंही द्यायला लागले, एकामागून एक, आवाज चढवून. सुमननं ऐकून घेतलं. रुसली नाही, हट्ट केला नाही. एवढंच म्हणाली, "मैं अठारह की हूँ, दीदी।"

"जा," मी म्हटलं. "फोन चालू ठेव." आणि ती गेली.

मी भांड्यांच्या दुकानापुढं उभी राहिले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. फोन लावला, लागेना. वीस झाली. हातात काहीतरी हवं म्हणून एक पातेलं उचललं आणि छातीशी धरून गल्लीकडे बघत राहिले. दुकानदार म्हणाला, "बाईसा, भगोना लेना है कि गोद लेना है?" मला हसूसुद्धा आलं नाही. मनात नाही नाही ते येत होतं, आणि प्रत्येक वेळी मीच तिला जा म्हटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आंटीजी.

"सुमन ठीक है? बात कराओ।"

चूड़ी देख रही है, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण नाही जमलं. "आंटीजी, वो साथ नहीं है। अकेली गई है बाजार में। मुझसे पूछा था। मैंने हाँ बोला।"

मग त्या म्हणाल्या, "डर लग रहा है?"

"बहुत।"

"हम्म। गार्डियन को लगता है," त्या म्हणाल्या. "पाँच बजे तक आ जाना।"

पंचविसाव्या मिनिटाला सुमन आली. गल्लीच्या तोंडातून नाही, भलत्याच बाजूनं. रस्ता चुकली होती, फोनला रेंज नव्हती, तीन जणांना विचारत विचारत बाजारात भलतीकडेच निघाली होती. हातात लाल-हिरव्या बांगड्या, मफलर सुटलेला, आणि चेहरा असा की पहिला नंबर आल्यावरही कुणाचा होणार नाही. तिला आधी एक ठेवून द्यावी की आधी मिठी मारावी, मला कळेना. मिठी मारली. पातेलं मध्ये होतं.

ती दुकानदाराला बांगड्या दाखवत बसली आणि मी बाजूला जाऊन बाबांना फोन लावला.

"आज काय, भांडण की मदत?"

"काही नाही. काल मी फोन केला होता. म्हणजे अट मोडली. देहरादूनचं काय ते सांगा."

"भांडायचा फोन मदतीत धरत नाही," बाबा म्हणाले. "हजर कधी व्हायचंय?"

"एक तारखेला."

"मग लाग तयारीला."

एवढंच. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता. गाडी किती नंबरला लागलीय ते सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, "बाबा, सोमवारी त्या बाईंना तसं सांगून फोन ठेवलात. मग काय केलंत?"

"काय करणार?" ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "फोनवर नकाशा असतो बघ, रस्त्याचे फोटोबिटो असतात त्यात. तुझ्या हॉस्टेलची गल्ली काढली. रोज संध्याकाळी बघत बसायचो. आशू, तुमच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला गटाराचं झाकण उघडं आहे. जपून पाय टाकत जा."

"चार दिवस माहीत होतं, मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं," बाबा म्हणाले, "तर मदत झाली असती."